विश्लेषण : मूळ संख्यांचे कुलूप क्वांटम संगणक तोडणार का? बँकिंग, डिजिटल सातबाऱ्यावर परिणाम काय?

शाळेत पाचवी-सहावीच्या गणितात ‘पुढील संख्येचे मूळ अवयव पाडा’ असा प्रश्न हमखास असतो. संख्या ८४ किंवा ३६० असेल तर तो दोन-तीन ओळींत सुटतो. हाच प्रश्न ६१७ आकडी संख्येबाबत विचारला तर जगातील सर्वांत वेगवान महासंगणकही उत्तर देऊ शकत नाही. संगणकाच्या याच मर्यादेवर गेली चार-पाच दशके ऑनलाइन सुरक्षेचा मोठा भाग उभा आहे. आता मात्र क्वांटम संगणकाच्या शक्यतेमुळे हा पाया बदलण्याची तयारी जगभर सुरू झाली आहे. अवयव पाडण्याच्या या साध्या वाटणाऱ्या गणिताचा सुरक्षेशी काय संबंध, धोका किती जवळ आहे आणि भारत कुठे आहे, याविषयी…

नेमके काय घडत आहे?

अमेरिकेतील मानके व तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय संस्था म्हणजेच ‘निस्ट’ने १३ ऑगस्ट २०२४ रोजी तीन नवी सुरक्षा मानके जाहीर केली. क्वांटम संगणकालाही फोडता येऊ नयेत, अशा हेतूने ती तयार करण्यात आली आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘निस्ट’ने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात सध्याच्या पद्धतींसाठी कालमर्यादाही सुचवली आहे. आज सर्वाधिक वापरात असलेली २०४८ बिटची ‘आरएसए’ किल्ली २०३० नंतर टाळावी आणि २०३५ नंतर वापरूच नये, असे त्यात म्हटले आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने मार्च २०२५ मध्ये असेच वेळापत्रक दिले. संस्थांनी २०२८ पर्यंत आपल्याकडे जुन्या पद्धती कुठे वापरल्या जातात हे शोधावे, २०३१ पर्यंत सर्वांत महत्त्वाच्या यंत्रणा बदलाव्यात आणि २०३५ पर्यंत काम पूर्ण करावे, असा हा क्रम आहे. म्हणजेच धोका प्रत्यक्षात येण्याआधी कुलपे बदलण्याची मोहीम सुरू झाली आहे.

विभाजक, विभाज्य आणि मूळ संख्या म्हणजे काय?

एका संख्येने दुसऱ्या संख्येला भागल्यावर बाकी शून्य उरली तर पहिली संख्या विभाजक आणि दुसरी विभाज्य. उदाहरणार्थ, १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६ आणि १२ हे सहा आहेत. १२, २४, ३६, ४८ या १२ ने विभाज्य संख्या असून त्यांची यादी न संपणारी आहे. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः असे दोनच विभाजक असतात, ती मूळ संख्या. दोनपेक्षा जास्त विभाजक असलेली ती संयुक्त संख्या. १ या संख्येला एकच विभाजक असल्याने ती मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकाराच्या रूपात मांडता येते आणि क्रम सोडला तर ती एकाच प्रकारे मांडता येते. २०२५ म्हणजे तीन चार वेळा आणि पाच दोन वेळा घेऊन केलेला गुणाकार. २०२६ म्हणजे २ गुणिले १०१३. याशिवाय दुसरी मांडणी शक्य नाही. मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे ग्रीक गणिती युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी सिद्ध केले. कुलपे बनवणाऱ्यांना मूळ संख्यांचा तुटवडा कधीच पडणार नाही, असा त्याचा व्यावहारिक अर्थ.

एखादी संख्या मूळ आहे हे कसे ओळखतात?

शाळेतील रीत अशी : त्या संख्येला २, ३, ५, ७ अशा मूळ संख्यांनी क्रमाने भागत जायचे. मात्र शेवटपर्यंत जाण्याची गरज नसते. संख्येच्या वर्गमुळापर्यंत तपासले तरी पुरते. कारण संख्या संयुक्त असेल तर तिच्या दोन अवयवांपैकी एक तरी वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच. २०२७ चे उदाहरण घेऊ. ४५ चा वर्ग २०२५ आहे. म्हणजे २०२७ साठी ४५ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झाले. २ पासून ४३ पर्यंत अशा १४ मूळ संख्या आहेत. त्यांपैकी एकीनेही २०२७ ला पूर्ण भाग जात नाही. म्हणून २०२७ ही मूळ संख्या आहे.

तीनशे आकडी संख्येसाठी मात्र ही रीत कुचकामी ठरते. तिथे वर्गमूळच दीडशे आकडी असते. त्यासाठी सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा याचा नियम कामी येतो. २ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या. तिच्यातून १ वजा करून जी संख्या येते, तेवढा २ चा घात करा आणि त्याला मूळ संख्येने भागा. बाकी नेहमी १ च उरते. ७ साठी २ चा ६ वा घात ६४. त्याला ७ ने भागले की बाकी १. आता ९ घ्या. २ चा ८ वा घात २५६. त्याला ९ ने भागले की बाकी ४ उरते. बाकी १ नाही, म्हणजे ९ मूळ नाही. येथे ९ चे अवयव ३ आणि ३ आहेत हे शोधावेच लागले नाही. तरीही ती संयुक्त असल्याचे खात्रीने कळले. ‘संख्या मूळ आहे का’ आणि ‘संख्येचे अवयव कोणते’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला सोपा आणि दुसरा अवघड आहे. साऱ्या सुरक्षेचे मर्म या फरकात आहे.

फर्माची कसोटी चकतेही. ३४१ ही ११ आणि ३१ यांचा गुणाकार असूनही २ च्या कसोटीत मूळ असल्यासारखी वागते. ५६१ तर त्याहून फसवी आहे. म्हणून प्रत्यक्षात मिलर-रॅबिन ही सुधारित कसोटी वापरतात. त्यात दर वेळी वेगळी संख्या निवडून तपासणी होते आणि संयुक्त संख्या एका फेरीत निसटण्याची शक्यता जास्तीत जास्त एक चतुर्थांश असते. अशा ४० फेऱ्या केल्या तर चुकीची शक्यता एकावर २४ शून्ये इतक्या संख्येत एकापेक्षाही कमी राहते. मोबाइलमधील प्रोसेसरही हे काम सहज करतो.

यात भारताचे योगदान काय?

शंभर टक्के खात्री देणारी आणि तरीही वेगवान अशी कसोटी आहे का, हा प्रश्न अनेक दशके अनुत्तरित होता. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे प्रा. मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी त्याचे उत्तर दिले. संख्येतील आकडे वाढत गेले तरी तपासणीचा वेळ आटोक्यात राहतो आणि निकालात शक्यतेचा भाग उरत नाही, अशी पद्धत त्यांनी मांडली. तिघांच्या आडनावांवरून ती ‘एकेएस कसोटी’ म्हणून ओळखली जाते. या संशोधनाला २००६ मध्ये संगणकशास्त्रातील प्रतिष्ठेचा गोडेल पुरस्कार मिळाला. प्रत्यक्ष वापरात मिलर-रॅबिन अधिक जलद असल्याने तीच चालते. मात्र मूळ संख्या ओळखणे हे तत्त्वतःही सोपे काम आहे, यावर एकेएसने शिक्कामोर्तब केले. अवयव पाडण्यासाठी अशी सोपी पद्धत साध्या संगणकावर आजवर कुणालाही सापडलेली नाही. ती अस्तित्वातच नाही, हेही कुणी सिद्ध केलेले नाही.

अवयव पाडणे इतके अवघड का?

८९ आणि ९७ यांचा गुणाकार कागदावर अर्ध्या मिनिटात होतो. उत्तर ८६३३. आता उलट विचारा : ८६३३ चे अवयव कोणते? शेवटचा अंक ३ असल्याने २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज २०, म्हणून ३ बाद. एकाआड एक अंकांच्या बेरजा ११ आणि ९, त्यांतील फरक २, म्हणून ११ बाद. पुढे ७, १३, १७, १९ असे भागत जावे लागते. अखेर ८९ वर भाग जातो. ८९ ही चोविसावी मूळ संख्या आहे. म्हणजे एका गुणाकाराचे उत्तर उलटवायला २४ प्रयत्न.

चार आकडी संख्येत हा फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या २०४८ बिटच्या किल्लीत ६१७ आकडी संख्या असते आणि तिचे दोन्ही अवयव प्रत्येकी तीनशेहून अधिक आकड्यांचे असतात. तेवढ्या टप्प्यापर्यंत येणाऱ्या मूळ संख्या एकापुढे तीनशेहून अधिक शून्ये मांडावीत इतक्या आहेत. दृश्य विश्वातील अणूंची संख्या एकावर सुमारे ८० शून्ये इतकी मानली जाते. एकेक भाजक तपासण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. याहून हुशार पद्धती उपलब्ध आहेत. पण त्याही ६१७ आकड्यांपुढे हात टेकतात.

‘आरएसए’चे कुलूप कसे चालते?

अमेरिकेतील एमआयटी संस्थेतील रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेन एडलमन यांनी १९७७ मध्ये ही पद्धत शोधली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला आरएसए म्हणतात. ब्रिटिश गुप्तवार्ता संस्थेतील क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्येच जवळपास हीच पद्धत शोधली होती. मात्र ती गोपनीय राहिली आणि १९९७ मध्ये उघड झाली.

छोट्या संख्यांनी ती समजून घेता येते. बँकेने ५ आणि ११ या दोन मूळ संख्या गुपचूप निवडल्या असे समजा. त्यांचा गुणाकार ५५. दोन्हींतून एकेक वजा करून केलेला गुणाकार म्हणजे ४ गुणिले १०, अर्थात ४०. आता ४० शी १ खेरीज सामाईक विभाजक नसलेली, म्हणजेच सहमूळ असलेली एक संख्या हवी. ती ३ घेतली. बँक ५५ आणि ३ जगजाहीर करते. हे उघडे कुलूप. कुणीही ते लावू शकतो. बँकेकडची गुप्त किल्ली आहे २७. कारण ३ गुणिले २७ म्हणजे ८१ आणि ८१ ला ४० ने भागले की बाकी १ उरते.

ग्राहकाला ८ हा आकडा गुप्तपणे पाठवायचा आहे. तो ८ चा घन करतो. उत्तर ५१२. त्याला ५५ ने भागून उरलेली बाकी १७. वाटेत कुणी पाहिले तर त्याला फक्त १७ दिसते. बँक १७ चा २७ वा घात करून ५५ ने भागते आणि बाकी पुन्हा ८ येते. गुप्त किल्ली २७ मिळवायची तर ४० माहीत हवे. ४० साठी ५ आणि ११ माहीत हवेत. ते मिळवायचे तर ५५ चे अवयव पाडावे लागतात. ५५ चे अवयव कुणीही सांगेल. ६१७ आकड्यांचे कुणी सांगू शकत नाही.

हेच गणित उलट दिशेने वापरले की डिजिटल स्वाक्षरी तयार होते. गुप्त किल्लीने सही करायची आणि जाहीर किल्लीने ती कुणीही पडताळायची. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार अशा स्वाक्षरीला मान्यता आहे. कंपन्यांची विवरणपत्रे, ई-निविदा यांपासून महाराष्ट्रातील डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यापर्यंत तिचा वापर होतो. आरएसए ही त्यातील एक प्रमुख पद्धत आहे. आधार प्रमाणीकरणातही माहितीच्या किल्लीवर २०४८ बिट आरएसएचे आवरण असते.

आजवर किती मोठ्या संख्यांचे अवयव पाडले गेले?

आरएसएच्या जनकांनी १९७७ मध्ये १२९ आकडी संख्या जाहीर करून ती फोडणाऱ्यास १०० डॉलरचे बक्षीस लावले होते. त्यासाठी लक्षावधी वर्षे लागतील, असे तेव्हा सांगितले गेले. प्रत्यक्षात १७ वर्षांत, एप्रिल १९९४ मध्ये, इंटरनेटवरून एकत्र आलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांच्या संगणकांनी ती फोडली. संगणकांचा वेग वाढला होताच, पण अवयव पाडण्याच्या नव्या पद्धतीही सापडल्या होत्या. गणितातील ‘अशक्य’ हा शब्द किती जपून वापरावा, याचे हे उदाहरण.

फेब्रुवारी २०२० मध्ये २५० आकडी म्हणजे ८२९ बिटच्या संख्येचे अवयव पाडण्यात आले. एकाच प्रोसेसर-गाभ्यावर हे काम केले असते तर सुमारे २,७०० वर्षे लागली असती. ते हजारो गाभ्यांवर वाटून काही महिन्यांत पूर्ण झाले. २०४८ बिट याहून कितीतरी दूर आहे. कारण आकडे दुप्पट झाले की काम दुप्पट होत नाही, ते अनेक पटींनी फुगते.

कुलूप न फोडताही किल्ली हाती लागते का?

लागते, आणि तशी उदाहरणे आहेत. संशोधकांच्या दोन गटांनी २०१२ मध्ये इंटरनेटवरील लक्षावधी जाहीर किल्ल्या गोळा केल्या आणि त्यांचा आपसात मसावि काढला. अनेक उपकरणांनी मूळ संख्या निवडताना पुरेसा यादृच्छिकपणा राखला नव्हता. परिणामी वेगवेगळ्या किल्ल्यांत एक अवयव समान निघाला. समजा, एकाची किल्ली ८६३३ आणि दुसऱ्याची ९१६७ आहे. ९१६७ ला ८६३३ ने भागले की बाकी ५३४. ८६३३ ला ५३४ ने भागले की बाकी ८९. ५३४ ला ८९ ने भागले की बाकी शून्य. तीन भागाकारांत मसावि ८९ मिळाला आणि दोन्ही कुलपे उघडली. युक्लिडची ही रीत शेकडो आकड्यांच्या संख्यांनाही क्षणार्धात लागू होते.

२०१७ मध्ये याहून मोठा धक्का बसला. एका बड्या कंपनीच्या चिपमध्ये मूळ संख्या ठरावीक साच्यातून निवडल्या जात असल्याचे उघड झाले. साचा कळल्याने अवयव शोधण्याचे काम आवाक्यात आले. एस्टोनियात राष्ट्रीय ओळखपत्रांत हीच चिप होती. त्या सरकारला सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. नागरिकांची जवळपास सर्व सरकारी कामे ऑनलाइन करणाऱ्या देशासाठी हा मोठा इशारा होता. गणित भक्कम असले तरी अंमलबजावणी कच्ची असेल तर उपयोग नाही, हा त्यातील धडा.

क्वांटम संगणक वेगळे काय करतो?

अमेरिकी गणिती पीटर शोर यांनी १९९४ मध्ये अवयव पाडण्यासाठी क्वांटम संगणकाची पद्धत मांडली. ती भाजक एकेक करून तपासत नाही. बाक्यांचे आवर्तन शोधते. १५ चे उदाहरण पाहा. २ चे घात २, ४, ८, १६, ३२… त्यांना १५ ने भागल्यावर बाक्या येतात २, ४, ८, १ आणि पुन्हा २, ४, ८, १. दर चार पायऱ्यांनी आवर्तन होते. चारचे निम्मे दोन. २ चा २ रा घात ४. त्यात १ कमी-जास्त केल्यास ३ आणि ५ मिळतात. हेच १५ चे अवयव. मोठ्या संख्येत या आवर्तनाची लांबीच प्रचंड असते. साध्या संगणकाला ती सापडत नाही. क्वांटम संगणक मात्र अनेक अवस्था एकत्र हाताळून ही लांबी थोड्या पायऱ्यांत काढू शकतो.

२००१ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी सात क्युबिटवर १५ चे अवयव पाडून दाखवले. त्यानंतर या पद्धतीची प्रगती संथ आहे. क्युबिट अत्यंत नाजूक असतात आणि त्यांच्या चुका दुरुस्त करण्यासाठीच आणखी हजारो क्युबिट लागतात.

मग धोका किती जवळ आला आहे?

२०१९ च्या अंदाजानुसार २०४८ बिट आरएसए फोडायला दोन कोटी क्युबिट आणि आठ तास लागणार होते. गूगलचे संशोधक क्रेग गिडनी यांनी मे २०२५ मध्ये हा आकडा दहा लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ इतका खाली आणला. गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘विलो’ चिपमध्ये १०५ क्युबिट आहेत. आयबीएमने २०२३ च्या अखेरीस ११२१ क्युबिटची चिप सादर केली होती. म्हणजे अंतर अजून मोठे आहे. मात्र यंत्रे वाढत असतानाच गरजेचा आकडा कमी होत आहे, ही खरी चिंतेची बाब.

दरम्यान, चीनच्या संशोधकांनी क्वांटम यंत्राने ‘लष्करी दर्जाची सुरक्षा’ फोडल्याच्या बातम्या ऑक्टोबर २०२४ मध्ये झळकल्या. प्रत्यक्षात त्या प्रयोगात फोडलेली संख्या २२ बिटची होती. २२ बिट म्हणजे फार तर सात आकडी संख्या. साधा मोबाइलही तिचे अवयव क्षणात पाडतो. अशा बातम्या वाचताना ‘किती बिट’ हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

घाई असण्याचे दुसरे कारण आहे. आज सांकेतिक रूपातील माहिती साठवून ठेवायची आणि क्वांटम संगणक आल्यावर ती उलगडायची, असा डाव शत्रुराष्ट्रे किंवा टोळ्या खेळू शकतात. ओटीपी चोरून दहा वर्षांनी काही उपयोग नाही. पण संरक्षणविषयक कागदपत्रे, रुग्णांच्या नोंदी, बायोमेट्रिक माहिती यांचे मोल दहा-पंधरा वर्षांनीही कायम असते. बोटांचे ठसे पासवर्डसारखे बदलताही येत नाहीत. स्वाक्षरीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. जुनी किल्ली फुटली तर तिच्या आधारे बनावट दस्तऐवजावर अस्सल वाटणारी सही करता येईल. केवळ स्वाक्षरीवर विसंबून दस्तऐवज स्वीकारणाऱ्या यंत्रणांना हा धोका अधिक आहे.

नवे कुलूप कशाचे?

नवी मानके अवयवांवर आधारलेली नाहीत. त्यांतील दोन ‘लॅटिस’ म्हणजे बहुमितीय जाळीतील बिंदूंच्या गणितावर आणि तिसरे ‘हॅश’ या प्रक्रियेवर उभे आहे. आजच्या संकेतस्थळांवर किल्लीची देवाणघेवाण बहुतांशी लंबवर्तुळी वक्रांच्या गणिताने होते. त्यात अवयव पाडण्याचा संबंध नाही. पण शोर यांची पद्धत तेही फोडू शकते. म्हणून फक्त आरएसए बदलून भागणार नाही.

नव्या पद्धतीला खर्चही आहे. २०४८ बिट आरएसएची स्वाक्षरी २५६ बाइटची असते. नव्या मानकांतील एक प्रमुख स्वाक्षरी तिच्या सर्वांत लहान रूपातही २,४२० बाइटची आहे. स्मार्टफोनला हे जाणवणार नाही. पण स्मार्टकार्ड, पीओएस यंत्रे, वीजमीटर अशा कमी क्षमतेच्या उपकरणांत अडचण येऊ शकते. शिवाय नवीन म्हणजे अभेद्य असेही नाही. ‘निस्ट’च्या स्पर्धेत पुढच्या फेरीपर्यंत पोहोचलेली ‘साइक’ ही पद्धत २०२२ मध्ये संशोधकांनी साध्या संगणकावर सुमारे तासाभरात फोडली. त्यामुळे तूर्त अनेक ठिकाणी जुने आणि नवे अशी दोन्ही कुलपे एकत्र लावली जात आहेत.

भारत कुठे आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंतच्या या मोहिमेसाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे. ५० ते १००० क्युबिटचे संगणक विकसित करणे हे त्यातील एक उद्दिष्ट आहे. मोहिमेच्या चार केंद्रांपैकी संगणनाचे केंद्र बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत, संदेशवहनाचे आयआयटी मद्रासमध्ये, संवेदन व मापनशास्त्राचे आयआयटी मुंबईत आणि साहित्य व उपकरणांचे आयआयटी दिल्लीत आहे. पुण्याच्या ‘आयसर’मध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र कार्यरत आहे.

मात्र क्वांटम संगणक बनवणे आणि क्वांटमपासून वाचणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाला क्वांटम यंत्र लागत नाही. त्यासाठी कोणत्या खात्यात, कोणत्या सर्व्हरवर, कोणत्या कार्डात कोणती किल्ली आहे याची मोजदाद लागते. राष्ट्रीयीकृत बँकांपासून जिल्हा सहकारी बँका, पतसंस्थांपर्यंत आणि मंत्रालयापासून तलाठी कार्यालयापर्यंत पसरलेल्या यंत्रणेत ही मोजदादच वेळखाऊ ठरणार आहे. संगणकप्रणाली बाहेरच्या पुरवठादाराकडून घेणाऱ्या छोट्या संस्थांना तर आपल्या कुलपाची जात कोणती, हेच अनेकदा ठाऊक नसते. त्यांच्यासाठी करारनाम्यात नव्या मानकांची अट घालणे ही पहिली पायरी ठरू शकते.

सामान्य वापरकर्त्याने काय करावे?

घाबरून जाण्याचे कारण नाही. आज कुणाच्याही खात्यातून अवयव पाडून पैसे चोरले जात नाहीत. ते चोरले जातात ओटीपी विचारून, बनावट लिंक पाठवून किंवा स्क्रीन शेअर करायला लावून. त्याविरुद्धची सावधगिरी पूर्वीइतकीच महत्त्वाची आहे.

दुसरे, बदलाचा बराचसा भाग अपडेटमधून आपोआप येतो आहे. सिग्नल अॅपने सप्टेंबर २०२३ मध्ये, तर अॅपलने फेब्रुवारी २०२४ मध्ये आय-मेसेजसाठी क्वांटम-सुरक्षित पद्धत जाहीर केली. क्रोम ब्राउझरमध्येही २०२४ पासून ती आली आहे. त्यामुळे फोनची प्रणाली, ब्राउझर आणि बँकेचे अॅप अद्ययावत ठेवणे हाच वापरकर्त्याच्या हातातील उपाय. कंपनीकडून अपडेट येणे बंद झालेला जुना फोन बँकिंगसाठी वापरणे मात्र पुढील काही वर्षांत अधिक जोखमीचे होत जाईल. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यासारखा महत्त्वाचा दस्तऐवज स्वीकारताना छापील प्रतीवर न थांबता तो मूळ सरकारी संकेतस्थळावर पडताळून पाहणे, ही सवय आजही उपयोगी आहे आणि २०३५ नंतरही राहील.